अंगावरून पांढरे जाणे : संकोचाआड राहणारा विकार

कंबरदुखी किंवा अशक्तपणा सांगून केसपेपर काढणारी एखादी भगिनी तपासणी आटोपून निघताना दाराशी थांबते आणि हलक्या आवाजात म्हणते, "अंगावरून पांढरे जाते." खरी तक्रार तीच असते. आमच्या स्त्रीरोग विभागात हा अनुभव नित्याचा आहे. म्हणून विभागातील डॉक्टरांशी विचारविनिमय करून ही माहिती सादर करीत आहोत.

निसर्गाचे संरक्षण

योनिमार्गात असंख्य जिवाणूंचा वास असतो. निरोगी अवस्थेत त्यांत बहुधा लॅक्टोबॅसिलस जातीचे प्राबल्य असते. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ अल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली त्यांचे वर्णन केले. दह्याच्या विरजणातील जिवाणू याच कुळातले. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात व त्या आंबटपणात रोगकारक जंतू सहसा वाढत नाहीत. थोडा पांढरा स्राव होणे हे स्वाभाविकच आहे.

या उपकारक जिवाणूंची संख्या घटून इतर जिवाणू बळावले, की 'बॅक्टेरियल व्हजायनोसिस' हा विकार होतो. स्राव पातळ व करडा होतो, त्यास माशासारखा वास येतो. अनेकींना मात्र कोणतेच लक्षण जाणवत नाही. दुर्लक्ष झाल्यास अपुऱ्या दिवसांची प्रसूती, शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग आणि एचआयव्हीची लागण यांचा धोका वाढतो. योनिमार्ग आतून साबणाने वा जंतुनाशकाने धुण्याने उपकारक जिवाणूच नष्ट होतात, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

गडचिरोलीचा धडा

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दुखणे घरोघरी होते, परंतु त्याची दाद लागली नव्हती.

निदान व उपचार

आम्ही वाणिज्य शाखेचे. रोगापेक्षा हिशेब आम्हांस अधिक कळतो. या निदानास लक्षावधी रुपयांचे यंत्र लागत नाही. आम्लता दाखविणारी कागदी पट्टी, काचपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि पडदा असलेली खोली एवढे पुरते. मेट्रोनिडाझोलसारखे स्वस्त औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण मुदत घेतल्यास बहुतेकींना आराम पडतो. मात्र हा विकार पुष्कळदा उलटतो. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात, ज्या जोडप्यांत पुरुषासही औषध दिले गेले, तेथे बारा आठवड्यांत विकार उलटण्याचे प्रमाण ३५ टक्के होते. केवळ स्त्रीवर उपचार झाले तेथे ते ६३ टक्के होते. सबब दोष एकट्या पत्नीच्या माथी मारणे शास्त्रासही धरून नाही.

नम्र विनंती

देणगीदारांच्या औदार्यातून यंत्रे येतात. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु निवांत बोलता येईल अशी बंद खोली आणि ऐकून घेणारी डॉक्टर भगिनी यांचेही मोल तितकेच आहे. रुग्णांच्या आप्तस्वकीयांनी घरातील माता-भगिनींस एवढेच सांगावे, की ही तक्रार लज्जास्पद नाही. ती दाराशी नव्हे, खुर्चीत बसून सांगावी.