सूर्याच्या प्रतिमा आणि ड्रोन-फवारणी

ड्रोनने कीटकनाशक फवारताना पट्ट्यांची आखणी उपग्रहांच्या संकेतांवर अवलंबून असते. सौरवादळामुळे आयनांबर अस्थिर झाले की हे संकेत विचलित होऊन पट्टे सुटतात किंवा एकमेकांवर चढतात. सुटलेल्या पट्ट्यात कीड टिकते. दुहेरी मात्रेने पीक करपू शकते व मित्रकीटक मरतात. १० मे २०२४ च्या तीव्र वादळात अमेरिकेतील अनेक शेतकऱ्यांना उपग्रहाधारित पेरणी थांबवावी लागली.

अशा वादळाची पूर्वसूचना सूर्याच्या प्रतिमांतून मिळते. चेन्नईच्या उत्तरेकडील श्रीहरिकोटा येथून २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेले ‘आदित्य-एल१’ पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्याचे अखंड निरीक्षण करते. त्यावरील, पुण्याच्या ‘आयुका’ने विकसित केलेली ‘सूट’ दुर्बीण अतिनील किरणांत सूर्यबिंब टिपते. बंगळूरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे ‘व्हीईएलसी’ उपकरण तेजस्वी बिंब झाकून मंद प्रभामंडल दाखवते. त्यातून उसळणारा द्रव्यमेघ अशा प्रतिमेत दिसतो.

हा मेघ पृथ्वीपर्यंत येण्यास साधारणतः १ ते ३ दिवस लागतात. तेवढाच अवधी हाती असतो. मात्र वादळाची तीव्रता मेघातील चुंबकक्षेत्राच्या दिशेवरही ठरते व ती प्रतिमेत थेट दिसत नाही. म्हणून पूर्वानुमान ही शक्यताच समजावी.

तीव्र वादळाचा इशारा असल्यास ड्रोन-फवारणी पुढे ढकलावी. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असल्यास पाठीवरील पंपाने फवारावे. एरवीही उड्डाणापूर्वी स्थान-अचूकता तपासावी.