उड्डाण-परिचारिकेची सिद्धता

ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग विस्तीर्ण, रुक्ष आणि विरळ वस्तीचा आहे. तेथील पशुपालकांच्या वस्त्यांपासून रुग्णालय कित्येकदा शेकडो किलोमीटर दूर असते. ही उणीव दूर करण्यासाठी रेव्हरंड जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून विमान-वैद्यकीय सेवा आकारास आली. १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी येथून डॉ. सेंट व्हिन्सेंट वेल्च यांना घेऊन पहिले विमान निघाले. हीच सेवा आज ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ या नावाने ओळखली जाते.

नावात डॉक्टरांचा उल्लेख असला, तरी रुग्णाला घेऊन जाणाऱ्या अनेक उड्डाणांत वैमानिकाखेरीज केवळ एक परिचारिका असते. प्रकृती अधिक गंभीर असल्यास डॉक्टर सोबत जातात; एरवी शुश्रूषेचा सारा भार तिच्यावर असतो. म्हणूनच तिच्या पात्रतेचे निकष कठोर आहेत.

तिहेरी पात्रता

या परिचारिकेकडून परंपरेने तीन गोष्टींची अपेक्षा केली जाते. पहिली, नोंदणीकृत परिचारिकेची अर्हता. दुसरी, प्रसूतिपरिचर्येची अर्हता. आपल्याकडील ‘जी.एन.एम.’ अभ्यासक्रमात या दोहोंचा समावेश असतो; ऑस्ट्रेलियात मात्र त्यांची नोंदणी स्वतंत्र आहे. अकाली कळा सुरू झालेल्या स्त्रीला रुग्णालयात नेताना वाटेतच प्रसूती होण्याचा संभव असल्याने ही अर्हता मोलाची ठरते. तिसरी, अपघात वा अतिदक्षता विभागातील प्रत्यक्ष अनुभव. सोबत जाणाऱ्या डॉक्टरांनाही भूल देणे, कृत्रिम श्वसन व तातडीचे उपचार यांचा सराव असावा लागतो.

उंचीचा परिणाम

रुग्णालयातील ज्ञान विमानात पुरेसे पडत नाही. विमानाच्या कक्षातील हवेचा दाब ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका झाला, तर तो समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांश उरतो. रुग्णाला मिळणारा प्राणवायू त्या प्रमाणात घटतो आणि बॉइलच्या नियमानुसार शरीरात कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने प्रसरण पावते. छातीच्या पोकळीत हवा साचली असेल, तर ती फुफ्फुसावर घातक दाब आणू शकते. म्हणून उड्डाणापूर्वीच नळी घालून ती बाहेर काढणे इष्ट ठरते. श्वासनलिकेत बसविलेल्या नळीभोवतीचा फुगाही फुगतो. त्याचा दाब वारंवार तपासावा लागतो. काही रुग्णांसाठी कक्षातील दाब समुद्रसपाटीइतका राखण्याची सूचना वैमानिकास द्यावी लागते. तसे करताना विमान कमी उंचीवरून न्यावे लागते. इंधन अधिक लागते आणि धक्केही अधिक बसतात. हा लाभालाभाचा विचार प्रशिक्षणातूनच अंगवळणी पडतो.

पथकाची शिस्त

इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोप जवळजवळ निरुपयोगी ठरतो. अशा वेळी यंत्रांवरील आकडे, रुग्णाचा वर्ण व छातीची हालचाल यांवरून निदान करण्याचा सराव आवश्यक असतो. आणीबाणीत विमानाबाहेर पडण्याचे शिक्षणही परिचारिकेला दिले जाते. हवामान व धावपट्टी यांविषयीचा अंतिम निर्णय वैमानिकाचा असतो. रुग्णाच्या प्रकृतीची निकड कितीही असली, तरी हा दंडक पाळला जातो.

विमानामुळे अंतर कमी होते. त्या अंतरात रुग्णाचे प्राण राखण्याचे कार्य प्रशिक्षित हातांचे आहे. विमान-रुग्णसेवा जेथे जेथे उभारली जाईल, तेथे विमानखरेदीइतकेच महत्त्व या प्रशिक्षणास देणे अगत्याचे आहे.