आईचा गुडघा आणि संदर्भांचा शोध

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात रेवदंड्याच्या बाजूच्या कोळीवाड्यातील एक बाई मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. बाईंचा उजवा गुडघा मी दहा-बारा वर्षे पाहतो आहे. सोडे करण्यासाठी कोलंबी सोलत तासन् तास खाली बसायचे, मग पाटी उचलून बाजारात जायचे आणि तिथेही खालीच बसायचे, असे त्यांचे आयुष्य गेले. "डाक्टर, बसल्यावर उठवत नाय," ही त्यांची कायमची तक्रार. पण त्या दिवशी काम मुलीचे होते.

मुलगी मुंबईला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षात शिकते. "काका, किनेसिऑलॉजीवर लिटरेचर रिव्ह्यू लिहायचा आहे. विषय आईच्या गुडघ्याचाच घेतलाय. पण संदर्भ कुठे आणि कसे शोधायचे तेच कळत नाही," ती म्हणाली.

किनेसिऑलॉजी म्हणजे शरीराच्या हालचालींचे शास्त्र. कोणता सांधा किती अंशांत वाकतो, कोणता स्नायू तो ओढतो, उठताना-बसताना भार कुठे पडतो, याचा अभ्यास. आणि लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे एखाद्या प्रश्नावर आजवर कोणी काय शोधून काढले ते मुळातून वाचून, त्यातले भरवशाचे कोणते आणि कच्चे कोणते, याचा मांडलेला हिशेब. दहा लेखांतले उतारे एकाखाली एक चिकटवले की रिव्ह्यू होत नाही.

तिच्या वहीत वीस संदर्भांची यादी तयार होती. मोबाईलवरच्या प्रश्नोत्तरे देणाऱ्या एका प्रोग्रॅमकडून तिने ती मिळवली होती. लेखकांची नावे, मासिके, वर्षे, सगळे झोकात. आम्ही एकेक तपासायला बसलो तर चार लेख कुठेच सापडेनात. मासिक खरे, वर्ष खरे, पण त्या पानावर भलताच लेख! हे प्रोग्रॅम कधी कधी खऱ्यासारखे दिसणारे संदर्भ स्वतःच रचून देतात. ज्या लेखाचा निदान सारांश आपण स्वतः उघडून वाचलेला नाही, त्याचे नाव यादीत घालायचे नाही, हा पहिला नियम मी तिला घालून दिला.

आमच्या वेळी ही सोय नव्हती आणि ही आफतही नव्हती. १९८०च्या दशकाच्या शेवटी मी मुंबईत एम.बी.बी.एस. करत होतो. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचे आणि कॉलेज गाठायचे. ग्रंथालयात 'इंडेक्स मेडिकस'चे विटेएवढे जाड अंक रांगेने लावलेले असत. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये सुरू केलेली ही जगभरच्या वैद्यकीय लेखांची सूची. बोट फिरवत विषय शोधायचा, चिठ्ठीवर संदर्भ उतरवायचा आणि ग्रंथपालांकडे जायचे. निम्म्या वेळा ते मासिक आमच्याकडे येतच नसे. छापील सूची २००४ मध्ये बंद झाली. त्याआधीच, १९९०च्या दशकात, तिचा संगणकीय अवतार 'पबमेड' या नावाने सर्वांना मोफत खुला झाला होता. आज रेवदंड्यात बसून तो मोबाईलवर उघडतो. अडचण आता लेख मिळण्याची कमी आणि निवडण्याची जास्त आहे.

मी तिला पबमेडमध्ये नुसता 'किनेसिऑलॉजी' हा शब्द घालायला सांगितला. जे आले त्यात रंगीत चिकटपट्ट्यांवरचे लेख होते आणि 'अप्लाइड किनेसिऑलॉजी'चेही होते. या दुसऱ्या नावापासून सावध राहावे. १९६४ मध्ये जॉर्ज गुडहार्ट या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने ही पद्धत काढली. रुग्णाचा हात दाबून त्याच्या जोरावरून कोणत्या अवयवात दोष आहे किंवा कोणते अन्न सोसत नाही, हे ओळखण्याचा तिचा दावा. तपासणाऱ्याला आणि रुग्णाला दोघांनाही उत्तर माहीत नसताना चाचण्या घेतल्या, तेव्हा ही पद्धत छापा-काट्याहून सरस ठरली नाही. नाव शास्त्राचे, आत शास्त्र नाही. एका शब्दाच्या भरवशावर राहिलेला विद्यार्थी इथेच फसतो.

म्हणून शब्दाआधी प्रश्न नेमका करावा लागतो. तिचा प्रश्न होता, 'बसणे आणि गुडघेदुखी'. हा प्रश्न नव्हे, गप्पांचा विषय झाला. मी विचारले, बाळ, कोणाचे बसणे? रोज किती तास? पाटावर की उकिडवे? कशाच्या तुलनेत? आणि काय मोजायचे, दुखणे, एक्स-रेवरची झीज की उठण्याला लागणारा वेळ? अर्धा तास वाद झाला. बाई शेवटी वैतागून म्हणाल्या, "मी पाटावर बसतंय, लिव ना तसा." त्या एका वाक्याने बरेच काम झाले, ते कसे हे पुढे येईलच.

प्रश्न ठरल्यावर शब्द. पबमेडमध्ये बहुतेक लेखांना ठरावीक विषय-शीर्षके दिलेली असतात, त्या पद्धतीला 'मेश' म्हणतात. लेखकाने गुडघ्याच्या झिजेला काहीही म्हटले असले, तरी लेख 'ऑस्टिओआर्थ्रायटिस, नी' या शीर्षकाखाली मिळतो. सांध्याच्या हालचालीचा आवाका 'रेंज ऑफ मोशन, आर्टिक्युलर'खाली आणि भार, बल, कोन यांचे गणित 'बायोमेकॅनिकल फिनॉमिना'खाली. दोन शीर्षके 'अँड'ने जोडली की यादी आखडते, 'ऑर'ने जोडली की पसरते. कोणत्या तारखेला कोणते शब्द घातले आणि किती लेख आले, हे वहीत लिहायचे. पुढे परीक्षकाने विचारले तर ती वहीच साक्षीदार.

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी पबमेडबरोबर 'पेड्रो' हाताशी ठेवावा. सिडनीहून १९९९ पासून चालणाऱ्या या मोफत संग्रहात फक्त फिजिओथेरपीच्या चाचण्या, आढावे आणि मार्गदर्शिका असतात आणि चाचणी किती काटेकोर झाली याचे दहापैकी गुणही दिलेले असतात. तिसरी जागा कोक्रेनच्या आढाव्यांची. चौथी आपल्याकडची, 'शोधगंगा'. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध तिथे पूर्ण वाचता येतात. पूर्ण लेखाला पैसे मागितले तर लगेच हात टेकू नयेत. 'पबमेड सेंट्रल'वर लाखो लेख फुकट आहेत. नाहीच मिळाला तर कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारावे किंवा सरळ लेखकाला ई-मेल करावा. बहुतेक लेखक आनंदाने प्रत पाठवतात. मला स्वतःला दोनदा दुसऱ्या दिवशी उत्तर आले आहे.

मराठीत या शास्त्राचे काही नाही, असेही समजू नये. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहण्याची दृष्टी त्यांच्याकडे तेव्हा होती. बडोद्याहून द. चिं. मजुमदारांचा 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघाला. मल्लविद्येपासून देशी खेळांपर्यंत सारे त्यात आहे. आजच्या उपचारासाठी हे पुरावे म्हणून चालणार नाहीत, पण प्रस्तावनेत यांचा उल्लेख नसावा हे मला पटत नाही. असे खंड जुन्या वाचनालयांच्या कपाटांत निघतात. विचारावे मात्र लागते.

आता तिला मिळाले काय ते सांगतो, कारण त्यात माझाही हिशेब आहे. बीजिंगमधील ६० वर्षांवरील लोकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचविशीत रोज तीन तास किंवा अधिक उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळली. मुलगी खूश! पण ते बसणे म्हातारपणी आठवून सांगितलेले होते आणि शिवाय ते उकिडवे होते. पाटावर बसताना गुडघ्याचा कोन आणि भार वेगळा. हा निष्कर्ष आईला जसाच्या तसा लावता येणार नाही, असे तिला लिहावे लागले. आपल्या भागातले काही हवे म्हणून शोधल्यावर पुणे जिल्ह्यातील भिगवणचे घरोघर सर्वेक्षण मिळाले. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ मध्ये ते सुरू केले. चार हजारांहून अधिक प्रौढांत सुमारे १८ टक्क्यांना सांधे-स्नायूंचे दुखणे होते. पण भिगवण म्हणजे आपला कोळीवाडा नव्हे, हेही खरेच.

आणि व्यायाम? कोक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात ४४ चाचण्यांतील ३,५३७ रुग्णांच्या आकड्यांवरून व्यायामाने गुडघ्याचे दुखणे शंभरात सुमारे १२ गुणांनी कमी झाल्याचे दिसते. ती इथेच थांबणार होती. "नवी आवृत्ती आहे का बघ," मी म्हणालो. होती. २०२४ च्या आवृत्तीत १३९ चाचण्या आणि बारा हजारांहून अधिक रुग्ण आहेत. फायदा दिसतो, पण तो रुग्णाला जाणवेल एवढा आहे का, याबद्दल भाषा सावध आहे. जुनी आवृत्ती पाहून थांबलो असतो तर तिने फायदा फुगवून लिहिला असता आणि तो कोणाच्या लक्षातही आला नसता. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका मात्र झिजलेल्या सांध्याच्या प्रत्येक रुग्णाला व्यायाम सुचवा, सुरुवातीला दुखणे थोडे वाढू शकते हेही सांगा, असे स्पष्ट म्हणते.

हे मी तिच्या शेजारी बसून वाचले, आणि गेली कित्येक वर्षे तिच्या आईला मी काय सांगत आलो ते मला आठवले. "गुडघा झिजलाय, जास्त चालू नका, आराम करा." गाडीच्या बेअरिंगची उपमाही देत असे. ती चूक होती. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने दाब पडतो-सुटतो, तेव्हा सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. आरामाने मांडीचा स्नायू मात्र सुकतो आणि उठणे आणखी जड होते. बाईंनी माझे ऐकून बाजारापर्यंतचे चालणे सोडले होते, रिक्षाने जात होत्या. मी त्यांना तसे सरळ सांगितले. त्या हसल्या, "म्हंजे रिक्षाचे पैशे गेले ते गेलेच."

आता त्या पाटाऐवजी दीड फूट उंचीच्या स्टुलावर बसतात, अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकतात. खुर्चीत बसून गुडघा सरळ करून पाच आकडे मोजायचे, असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुखणे गेलेले नाही, उठणे सोपे झाले आहे. गुडघा सुजून गरम झाला, ताप आला किंवा सांधा मध्येच अडकू लागला, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

मुलीचा रिव्ह्यू २३ संदर्भांचा झाला. सगळे उघडून वाचलेले. पाटावर बसून कोलंबी सोलणाऱ्या बायकांच्या गुडघ्यांवर तिला एकही लेख मिळाला नाही, आणि तसे तिने शोधाचे शब्द व तारखा देऊन लिहिले. सुट्टीत घरी आली की ती आता कोनमापक घेऊन कोळीवाड्यात फिरते. आतापर्यंत अकरा बायकांचे गुडघे मोजून झाले आहेत.

पुढील आठवड्यात : पावसातल्या पायांच्या चिखल्या.