महामारीत धोका कोणाला अधिक? वय, लिंग आणि घरातील दक्षता
(तिरुनागेश्वरम्, कुंभकोणम व तंजावूर परिसरातील मराठी कुटुंबे आणि यात्रेकरू यांच्यासाठी)

विषाणू घरात शिरताना वय विचारत नाही. मात्र घरातील प्रत्येकावर त्याचा आघात सारखा होत नाही. एकाच स्वयंपाकघरातले अन्न खाणाऱ्या नातवाला दोन दिवसांचा ताप येतो आणि आजोबांना प्राणवायू लावावा लागतो. हा फरक समजून घेतल्यास कोणाला आधी जपावे आणि कोणाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे, हे आपणास वेळीच ठरविता येईल.

वयाचा परिणाम

कोविड-19 च्या साथीत तामिळनाडू व आंध्र प्रदेश या राज्यांतील रुग्णांचा मोठा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदान झालेल्या रुग्णांपैकी 5 ते 17 वर्षे वयोगटात मृत्यूचे प्रमाण 0.05 टक्के, म्हणजे 2,000 रुग्णांमागे एक, असे आढळले. 85 वर्षे व त्यापुढील वयात ते 16.6 टक्के, म्हणजे सुमारे सहा रुग्णांमागे एक, इतके होते.

ऑगस्ट 2020 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार देशातील कोविड मृत्यूंपैकी 50 टक्के मृत्यू 60 वर्षांवरील व्यक्तींचे होते. 2011 च्या जनगणनेत या वयाच्या व्यक्तींचे लोकसंख्येतील प्रमाण 8.6 टक्के होते. ही दोन्ही प्रमाणे शेजारी ठेवली, की ज्येष्ठांवरील भार किती मोठा होता हे दिसून येते.

तथापि, 37 टक्के मृत्यू 45 ते 60 या वयोगटातील होते. घराचा आर्थिक भार वाहणारी ही पिढी आहे. या वयात मधुमेह व उच्च रक्तदाब अनेकदा निदानावाचून राहतात. वरील अभ्यासातही मृतांमध्ये सर्वाधिक आढळलेला सहविकार मधुमेह हाच होता. म्हणून "मी अजून म्हातारा झालो नाही" या समजुतीवर विसंबू नये.

पुरुष आणि स्त्रिया

त्याच माहितीनुसार मृतांमध्ये पुरुष 68 टक्के व स्त्रिया 32 टक्के होत्या. पुरुष कामानिमित्त अधिक बाहेर पडतात आणि त्यांची तपासणीही अधिक होते, हे त्याचे एक कारण होय. परंतु स्त्री-पुरुषांना जवळपास समान संख्येने लागण झालेल्या अनेक देशांतही पुरुषांचे मृत्यू अधिक झाले. स्त्रियांच्या शरीराचा विषाणूला होणारा प्रतिकार सामान्यतः अधिक प्रबळ असतो. पुरुषांत धूम्रपान व हृदयविकार यांचे प्रमाण अधिक असते.

यावरून स्त्रिया सुरक्षित आहेत, असा अर्थ काढू नये. आजार अंगावर काढण्याची सवय आणि रुग्णालयात नेण्यास होणारा उशीर यांमुळे त्यांचा धोका वाढतो. गरोदरपणात श्वसनाचे विषाणूजन्य आजार अधिक तीव्र होऊ शकतात.

प्रत्येक साथ वेगळी

1918 च्या इन्फ्लुएंझाने मुंबई बंदरातून देशात प्रवेश केला आणि एक कोटीहून अधिक भारतीयांचे प्राण घेतले. त्या साथीत 20 ते 40 वर्षे वयाचे धडधाकट तरुण मोठ्या संख्येने दगावले आणि भारतात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यू अधिक झाले. कुपोषण आणि रुग्णांच्या सेवेत सतत जवळ राहणे, ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. म्हणून नवी साथ आल्यास जुन्या साथीच्या अनुभवावरून धोका ठरवू नये. त्या साथीसंबंधीच्या अधिकृत सूचना पाहाव्यात.

आपण काय करावे?

- घरातील 60 वर्षांवरील व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड वा फुप्फुसांचे विकार असलेल्या व्यक्तींची यादी औषधांच्या नावांसह लिहून ठेवावी.
- लसीकरणात त्यांना प्रथम न्यावे. 1 मार्च 2021 पासून 60 वर्षांवरील नागरिकांना कोविड लस प्राधान्याने देण्यात आली, ती याच कारणास्तव.
- 30 वर्षांनंतर रक्तदाब व रक्तशर्करा नियमित तपासावी. उप्पिलियप्पन मंदिरातील नैवेद्य मिठावाचून शिजतो. घरच्या जेवणात मीठ निदान कमी तरी करावे. तंबाखू पूर्ण वर्ज्य करावी.
- साथीच्या काळात नागनाथस्वामी मंदिरात राहुकाळच्या अभिषेकासाठी मोठी गर्दी असताना ज्येष्ठांना नेऊ नये. जाणे अपरिहार्य असल्यास मुखपट्टी वापरावी.
- ताप किंवा खोकला असलेल्याने आजी-आजोबांपासून वेगळ्या, हवेशीर खोलीत राहावे. रुग्णसेवेचा भार घरातील एकाच स्त्रीवर टाकू नये.

ही लक्षणे दिसताच थांबू नका

धाप लागणे, छातीत सतत दुखणे, गुंगी वा गोंधळलेपण, ओठ निळसर होणे, किंवा रक्तातील प्राणवायूचे प्रमाण 94 टक्क्यांखाली जाणे. वृद्धांना ताप नसतानाही आजार गंभीर असू शकतो. अचानक अन्न टाकणे वा सुस्त होणे हीदेखील धोक्याची खूण समजावी.

रुग्णवाहिकेसाठी 108 व आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 104 या क्रमांकावर संपर्क साधावा, अथवा कुंभकोणम येथील शासकीय रुग्णालयात जावे.

वय आणि लिंग आपल्या हाती नाहीत. वेळेवर लस, वेळेवर तपासणी आणि वेळेवर उपचार मात्र आपल्या हाती आहेत.