इंजिनाची खटखट : रॉड बेअरिंगचा दोष वेळीच ओळखा

पाथर्डी तालुका हा ऊसतोड कामगारांचा तालुका. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि ट्रकमालकांचा हंगाम सुरू होतो. नगरहून येणारा कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग करंजीच्या घाटातून पाथर्डीला येतो. भरलेली गाडी घाटात वरच्या गिअरमध्ये रेटली की सर्वांत जास्त मार बसतो तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला. हंगामात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली तर हप्ता कोठून भरायचा, हा मालकापुढचा खरा प्रश्न. म्हणून आमच्या गॅरेजवाल्या बांधवांसाठी व ट्रकमालकांसाठी या दोषाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

क्रँकची पिन व रॉड यांच्यामध्ये दोन अर्धगोल पाट्या असतात. त्यांनाच आपण रॉड बेअरिंग म्हणतो. पिन आणि पाटी यांच्यात ऑईलचा पातळ थर असतो. तो थर टिकला तर धातू धातूला लागत नाही. ऑईल कमी पडले, घाण झाले किंवा त्यात डिझेल उतरले की थर तुटतो व पाटी झिजू लागते.

दोष कसा ओळखावा?

इंजिन गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर किंचित दाबून सोडावा. त्या क्षणी स्पष्ट खटखट आली तर रॉड बेअरिंगचा संशय घ्यावा. मेन बेअरिंगचा आवाज याहून जड असतो व लोड आल्यावर वाढतो. जुन्या पद्धतीच्या फ्युएल पंपाच्या इंजिनात नोझलकडील पाईपचा नट ढिला करून एकेक सिलिंडर बंद करून पाहता येते. ज्या सिलिंडरला आवाज कमी होतो, तेथे दोष. मात्र नोझल खराब असल्यासही असाच अनुभव येतो. म्हणून आधी नोझल तपासून घ्यावे. डिझेलच्या फवाऱ्यापासून हात व डोळे जपावेत. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत चालू इंजिनाचा पाईप कधीही ढिला करू नये. तेथील दाब हजार बारच्या वर जातो व डिझेल कातडीत घुसते. तेथे स्कॅनरनेच सिलिंडर बंद करावा.

दुसरी खूण ऑईल प्रेशरची. गरम इंजिन स्लोवर असताना प्रेशर फार पडत असेल तर वेगळे गेज लावून खात्री करावी. फिल्टर कापून पाहावा. त्यात तांबूस चमकणारा चुरा दिसला तर पाटीचा वरचा थर जाऊन आतला तांब्याचा थर उघडा पडला, असे समजावे. मग गाडी चालवू नये. रॉड तुटून ब्लॉक फोडतो आणि हजारांचे काम लाखावर जाते.

दुरुस्ती

चेंबर उतरवून कॅप खोलाव्यात. प्रत्येक कॅप व रॉडचे नंबर पाहावेत; एकाची कॅप दुसऱ्याला बसवू नये. पाटीवर ओरखडे असतील तर घाण ऑईल हे कारण. एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकलेला असण्याची शक्यता. पाठीमागची बाजू घासून चमकत असेल तर पाटी रॉडमध्ये ढिली आहे. कारण न शोधता नवी पाटी टाकली तर तीही जाणार.

पिन मायक्रोमीटरने दोन्ही टोकांना, आडवी व उभी मोजावी. ती अंडाकार किंवा निमुळती झाली असेल, किंवा ओरखड्यात नख अडकत असेल तर क्रँक ग्राइंडिंगला द्यावा. त्यानंतर 0.25, 0.50 अशा मापाच्या अंडरसाइज पाट्या येतात. पूर्ण सेट बदलावा. क्रँकची ऑईलची भोके ब्रशने साफ करावीत. ग्राइंडिंगचा कण राहिला तर सारी मेहनत वाया.

बसवताना पाटीची पाठ कोरडी व स्वच्छ ठेवावी, ऑईल आतल्या बाजूला लावावे. फट साधारणपणे पिनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी असते, 70 मि.मी.च्या पिनला सुमारे 0.07 मि.मी. नेमके माप त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहावे. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावेत.

काही ठिकाणी कॅप कानसून किंवा पाटीखाली पत्री घालून आवाज बंद करतात. गिऱ्हाईक त्या दिवशी खूश होते, पण गोलाई बिघडते आणि ऐन हंगामात गाडी रस्त्यात बसते. असे काम मागणाऱ्या मालकालाही कारागिराने स्पष्ट नकार द्यावा.

इंजिन बांधल्यावर डिझेल बंद ठेवून, प्रेशर येईपर्यंत सेल्फने थांबून थांबून फिरवावे, मगच चालू करावे. सुरुवातीला जादा लोड देऊ नये. नवे ऑईल व फिल्टर लवकर बदलावेत. पुढेही ऑईल वेळेवर बदलले आणि घाटात वेळीच खालचा गिअर टाकला, तर हा खर्च सहसा लवकर येत नाही. ड्रायव्हरलाही हे समजावून सांगणे मालकाच्याच फायद्याचे आहे.