सोडणे आणि सुटणे

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बोलण्यात दोन क्रियापदे नेहमी ऐकू येतात. एक 'सोडली' आणि दुसरे 'सुटली'. 'परवापासून सोडली' असे सांगणारे गृहस्थ आठवड्याभरात पुन्हा टपरीवर दिसतात. 'माझी सुटली' म्हणणारा मात्र सहसा दिसत नाही. सोडणे सकर्मक, सुटणे अकर्मक, हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. पण या व्यसनाच्या बाबतीत तो भेद फार बोलका आहे. एकापासून दुसऱ्यापर्यंत माणसे कोणकोणत्या वाटांनी जातात हे पाहावे, म्हणून मानसशास्त्राच्या वाचनाबरोबरच मी ओळखीच्या काही मंडळींशी बोललो. त्यांत वसतिगृहातले मित्र होते, कॅन्टीनमधले काका होते आणि आमच्या गल्लीत राहणारे एस.टी.चे एक निवृत्त चालकही होते. त्यांना सारी गल्ली मामा म्हणते.

आधी दोरी कशाची आहे ते पाहू. झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते आणि रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. दिवसभर ओढणाऱ्याचाही साठा रात्रीच्या झोपेत जवळजवळ संपतो. म्हणूनच सकाळची पहिली विडी त्याला सर्वांत गोड लागते. स्वीडनमधील कार्ल फागरस्ट्रोम यांनी १९७८ मध्ये व्यसनाची खोली मोजणारी एक प्रश्नावली तयार केली. १९९१ मध्ये ती सुधारण्यात आली. तिच्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न अगदी साधा आहे : उठल्यावर पहिली किती वेळाने ओढता? पाच मिनिटांच्या आत ओढणारा माणूस खोल पाण्यात आहे असे समजावे. अशा माणसाने एकाएकी थांबवले की चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते, अभ्यासात चित्त लागत नाही, पोट साफ होत नाही. (आपल्याकडे या शेवटच्या कारणावर किती विड्या जळत असतील!) पहिला आठवडा सर्वांत अवघड असतो, तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. ती ओढल्यावर जशी शमते, तशी न ओढताही शमते. ही गोष्ट मी ज्यांना सांगितली त्यांतल्या बहुतेकांचा प्रथम विश्वासच बसला नाही.

आपल्याकडची सर्वांत जुनी रीत म्हणजे शपथ. आईची शपथ, देवाची शपथ, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. काशीला गेलेल्याने एखादी आवडती वस्तू सोडून यावी असा प्रघात आहे. पण तेथे लोक बहुधा एखादे फळ किंवा भाजी सोडतात. ज्याला कारले आवडत नाही तो कारले सोडून येतो, हे निराळे! वारकऱ्यांच्या गळ्यात माळ पडली की मांस-मद्य सुटते, तरीही काही माळकऱ्यांच्या कनवटीला तंबाखूची चंची असतेच. याला मी दांभिकपणा म्हणणार नाही. समाजाने जी गोष्ट व्यसनात धरलीच नाही, ती सोडण्याचे बळ व्रतातून यावे कसे? याउलट रोजाचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत धूम्रपान वर्ज्य असते, आणि एरवी तासातासाला ओढणारे कित्येक जण ते सहज पाळतात. माझा एक वर्गमित्र म्हणाला, "दिवसा आठवणही होत नाही, कारण मिळणारच नाही हे ठरलेलं असतं. इफ्तारनंतर मात्र हात आपोआप खिशाकडे जातो." माझ्या मते शपथेचे सारे बळ आणि सारी मर्यादा या दोन वाक्यांत आली. घासाघीस करायला जागाच नसली की मन शांत राहते, आणि जागा मिळाली की शपथ लंगडू लागते.

मोडलेली शपथ आणखी एक नुकसान करते. माणूस स्वतःला 'मनाचा कच्चा' ठरवतो आणि घरचेही त्यावर शिक्कामोर्तब करतात. येथे सिग्मंड फ्रॉइडची आठवण करून द्यावीशी वाटते. मनाच्या तळाशी उतरलेला हा माणूस सिगारपुढे हरला. १८९० च्या दशकात त्याचा डॉक्टर मित्र विल्हेल्म फ्लीस याने हृदयाच्या तक्रारीमुळे त्याला सिगार बंद करावयास सांगितले होते. ते साधले नाही. १९२३ मध्ये त्याच्या तोंडात कर्करोग निघाला, तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सिगार त्याच्यापासून फारसा दूर गेला नाही. फ्रॉइड मनाचा कच्चा होता असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोण करील?

दुसरी वाट कमी करत नेण्याची. दहाच्या आठ, आठाच्या पाच. अर्धी विडी विझवून कानावर ठेवायची आणि उरलेली दुपारी ओढायची. हिशेब चोख दिसतो, पण फुप्फुसे वेगळा हिशेब मांडतात. संख्या घटली की माणूस नकळत झुरका लांब घेतो आणि धूर अधिक वेळ आत धरतो. विडीचे तर विशेष आहे. तिच्यात सिगारेटीपेक्षा तंबाखू कमी असते, पण तेंदूच्या पानातून हवा फारशी खेळत नाही. सारखी ओढत राहिली नाही तर ती विझते. म्हणून 'साधी विडीच आहे' हे समाधान खोटे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ६९७ जणांचे दोन गट केले होते. एका गटाने ठरल्या दिवशी एकदम थांबायचे, दुसऱ्याने दोन आठवड्यांत कमी करत थांबायचे. चार आठवड्यांनंतर पहिल्या गटातले ४९ टक्के आणि दुसऱ्यातले ३९ टक्के टिकून होते. हळूहळू सोडणे सोपे वाटते, पण त्यात सोडण्याचा दिवस रोज येतो.

तिसरी वाट बदलीची. लवंग, बडीशेप, ज्येष्ठमध, आवळकाठी, खडीसाखर यांना माझी हरकत नाही. हाताला आणि तोंडाला काम मिळते. सुपारीचे मात्र तसे नाही, कारण तंबाखूवाचूनही तिने कर्करोग होतो हे आता सिद्ध झाले आहे. खरा धोका पुढेच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि तंबाखू खाणारे, मशेरी लावणारे वगैरे २४.४ टक्के होते. म्हणजे विडी सुटली की हाताशी पहिली येते ती चुन्याची डबी. आमच्या कॅन्टीनच्या काकांनी 'विडी सोडली' म्हणून सगळ्यांना पेढे वाटले होते. आज त्यांचा खालचा ओठ सदैव फुगलेला असतो.

गंमत अशी की निकोटिनच्या औषधी गमाचा जन्मही याच निरीक्षणातून झाला. पाणबुडीतल्या खलाशांना आत ओढता येत नाही, तेव्हा ते तोंडातल्या तंबाखूकडे वळतात, हे स्वीडनमधील लुंड येथील एका संशोधकाच्या ध्यानात आले. १९६७ मध्ये त्याने ते औषधनिर्मितीतल्या ओव्हे फेर्नो या मित्राला कळवले. फेर्नोने तंबाखू वगळून नुसते निकोटिन गमात घातले. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९८४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडेही दोन मिलिग्रॅमचा हा गम औषधाच्या दुकानात मिळतो. पण बहुतेक जण तो चुकीचा खातात. साध्या च्युइंगमसारखा चघळत राहिले तर निकोटिन पोटात जाते, उचकी लागते, मळमळते, आणि 'काही उपयोग नाही' म्हणून पाकीट फेकले जाते. तो थोडा चावून गालात धरून ठेवायचा असतो, कारण निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जाते. वर लगेच कॉफी किंवा सरबत घेतले तर तेही नीट होत नाही. अशा पर्यायी निकोटिनमुळे सोडण्यात यश येण्याची शक्यता दीडपट होते. चमत्कार नव्हे, पण आधार खराच. व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाच्या. संमोहनाच्या जाहिराती फार, पुरावा थोडा. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे. असो.

आणखी एक वाट आहे, तिला औषध लागत नाही. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. डॉल स्वतः ओढत असत. हाती येऊ लागलेले आकडे पाहून त्यांनी थांबवले. १९५१ पासून त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयींची नोंद ठेवली, आणि पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये मांडला. ओढत राहणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरले. साठाव्या वर्षी थांबणाऱ्यांना त्यांतली तीन वर्षे परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी जवळजवळ सगळीच. आपण विशीत आहोत, म्हणून हे आकडे मी येथे मुद्दाम दिले. आपल्या ग्रंथालयामागच्या भिंतीपाशी चहाबरोबर जे चालते, त्याचा व्यवहार अजून पूर्ण वसूल होण्याजोगा आहे.

मात्र कळले म्हणजे वळले असे होत नाही. कसलीही मदत न घेता सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी वर्षभर टिकणारे तीन ते पाचच असतात. प्रोचास्का आणि डिक्लेमेन्टी या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दाखवले की धूम्रपान सोडणे ही एका दिवसाची घटना नसते. मनात विचारही नसणे, विचार घोळणे, प्रत्यक्ष थांबणे, ते टिकवणे अशा पायऱ्या असतात, आणि माणूस त्यांवरून घसरून पुन्हा चढतो.

मामांनी हे पुस्तक वाचलेले नाही. त्यांची घसरण प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी होई : रात्रीच्या मुक्कामाच्या गाडीवर, जेवणानंतर, वाहकाने काडी ओढली की. दोनदा शपथ मोडली, एकदा तंबाखूवर गेले. शेवटी त्यांनी एकच केले. जेवण झाले की डेपोत न थांबता गाडीभोवती फेऱ्या मारायच्या आणि चाके ठोकून पाहायची. वाहकालाही सांगून ठेवले, "माझ्यापुढं पेटवू नकोस, बाबा." त्याने ते पाळले. मामांनी मनाशी भांडण न करता जागा बदलली, माणूस सोबत घेतला, एवढेच. सोडल्याच्या साऱ्या तारखा त्यांना तोंडपाठ आहेत : गुढीपाडवा, आषाढी, मुलीचे बारसे. सुटली कधी, ते विचारले तर म्हणतात, "ते काय लक्षात नाही."

ज्यांना असा वाहक जवळ नाही, त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी निःशुल्क दूरध्वनी क्रमांक २०१६ पासून चालू आहे. २०१८ पासून तो पाकिटावरही छापला जातो. महाराष्ट्रात २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी आली. तरी एकेक सुटी घेणाऱ्याच्या हाती पाकीट येत नाही, म्हणून क्रमांक येथे दिला आहे.