आधी सगळे दिवे बंद करा

राधानगरीत मृग लागला की भर दुपारी घरात दिवा लावावा लागतो. ढग डोंगरावरून खाली उतरतात आणि खिडकीतला उजेड घडीघडीला पालटतो. अशा गावात बाजारपेठेतल्या एका माडीवरची खोली आम्ही काहीजणांनी वर्गणी काढून भाड्याने घेतली आणि तिला ऐटीत स्टुडिओ म्हणू लागलो. मास्तर तिथे धडे रेकॉर्ड करतात, दाजीपूरला पर्यटक नेणारी पोरं गव्यांची माहिती सांगतात, बचत गटाच्या बायका आपल्या मालाचे व्हिडिओ करतात. किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे कुणाचं काय बिघडलं ते आधी माझ्या कानावर येतं.

सगळ्यात जिव्हारी लागली ती पट्ट्यांची गोष्ट. नाचणीच्या पापडांचा व्हिडिओ होता. बायका घरची कामं उरकून, ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. रात्री संगणकावर लावलं, तर चित्रावरून काळपट आडवे पट्टे सरकताना दिसले. पुन्हा चित्रीकरण म्हणजे पुन्हा पीठ, पुन्हा लाटणं आणि साऱ्याजणींचा आणखी एक दिवस मोडणार.

कॅमेरा बिघडला नव्हता, दिवेही नाहीत. आदल्या दिवशी आलेल्या मुलाने एका अमेरिकन व्हिडिओत बघून शटर 1/60 वर ठेवलं होतं आणि तसंच सोडून तो गेला होता. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, आपली 50. आपल्याकडे विजेवर चालणारा साधा दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण शटरचा वेळ या लयीशी जुळला नाही की कॅमेरा नेमका तो फरक पकडतो. म्हणून आपल्या देशात सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50, हे घरचं माप. उजेड फारच जास्त असेल तर 1/100. मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांनी शटर हाताने ठरवता येईल असं अॅप घ्यावं. चांगल्या प्रतीचे एलईडी असे लुकलुकत नाहीत, स्वस्तातले हमखास लुकलुकतात. दुकानदार पॅकिंगवरचे वॉट वाचून दाखवतो. आपण दिवा लावायला सांगावा आणि मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरावा. शटर बदलून पाहिल्यावर पट्टे सरकले तर नमस्कार करून बाहेर पडावं.

सामायिक जागेत कॅमेरा हातात आला की त्यात आधीच्या माणसाचं सगळं डोकं शिल्लक असतं. त्याचं शटर, त्याचा आयएसओ, त्याचा व्हाइट बॅलन्स. हे तीन आकडे बघितल्याशिवाय लाल बटण दाबू नये. मग जेवढा वेळ हाताशी असेल तो सगळा उजेडाला द्यावा.

उजेड शिकवायला आमच्याकडे तात्या आहेत. उभी हयात त्यांनी लग्नाचे फोटो काढण्यात घालवली. कुणी नवखा आला आणि त्याने दिसतील तेवढी बटणं दाबली, की तात्या दारातूनच ओरडतात, ‘‘लेका, आदी समदं दिवं इझीव. मग एकेक लाव, आन् त्यानं तोंडावर काय केलं ते बघ!’’

मला वाटतं यात सगळा अभ्यासक्रम आला. पहिला दिवा चेहऱ्याच्या एका बाजूने, डोळ्यांच्या थोडा वरून. तो एकटाच लावून नाकाची सावली कुठे पडते ते बघावं. दुसऱ्या बाजूला दुसरा दिवा लावायची घाई सगळ्यांना असते, पण तिथे पांढरा थर्माकोल धरला तरी पुष्कळदा भागतं. तिसरा दिवा मागून, केसांच्या आणि खांद्याच्या कडेवर, म्हणजे माणूस भिंतीला चिकटल्यासारखा दिसत नाही. चेहऱ्यावर उजेड जास्त झाला तर दिवा मागे सरकवावा. अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. चार फुटांवरचा दिवा आठ फुटांवर नेऊन हे स्वतः पाहावं. सॉफ्टबॉक्स जवळ आणला की सावल्या मऊ पडतात, लांब नेला की त्याच सॉफ्टबॉक्सच्या सावल्या धारदार होतात, हेही तेव्हाच कळतं.

तात्यांचं वळण कोल्हापूरचं आहे. बाबूराव पेंटरांनी 1918 साली तिथे हाताने कॅमेरा बनवला आणि 1920 मध्ये त्याच्यावर काढलेला ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पेंटर मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. उजेड कुठून यावा हे त्यांना यंत्र हातात येण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम पडेल ते काम करत शिकले आणि 1929 मध्ये त्यांनी आणखी भागीदार घेऊन प्रभात काढली. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. आमच्यातल्या बऱ्याच पोरांनी त्याच्यासमोर सेल्फी काढलाय, पण थर्माकोल धरायला सांगितला की त्यांचे हात दुखतात.

पावसाळ्यातली खास अडचण रंगाची. ढगाळ आभाळाचा उजेड निळसर, घरातला बल्ब पिवळा. दोन्ही एकदम चालू ठेवले की माणसाचा एक गाल निळा आणि दुसरा हळदीचा दिसतो, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. खिडकीला जाड पडदा लावा, नाहीतर बल्ब बंद करा, दोघांपैकी एकच पाहुणा ठेवा. आपले स्टुडिओचे दिवे बहुधा 5600 केल्विनचे असतात, तेव्हा व्हाइट बॅलन्सही तोच ठेवावा. ऑटोवर ठेवला तर एखादी हिरवी साडी चौकटीत आली की सगळ्यांचे चेहरे रंग बदलतात. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 95 किंवा त्याच्या वर आहे का तेही बघा. कमी असेल तर आपला सावळा वर्ण आजारी, हिरवट दिसतो.

विजेबाबत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. लग्नातला जुना हजार वॉटचा हॅलोजन चार अँपिअरच्या वर वीज ओढतो. भिंतीतला साधा सॉकेट सहा अँपिअरचा. एका बोर्डावर असे दोन हॅलोजन लावले की आधी वास येतो. स्टँडचा एक पाय दिव्याच्या तोंडाच्या दिशेला, त्याच्यावर वाळूची पिशवी, आणि वायर चालण्याच्या वाटेवर नाही, एवढं झाल्यावरच बटण.

लेन्सला बुरशी लागणं हा राधानगरीतला हुकमी रोग. चामड्याच्या बॅगेत चार महिने ठेवलेली लेन्स दसऱ्याला उघडली तर आत कोळ्याचं जाळं दिसतं. साफ करता येते, पण काचेवरचं लेपण गेलेलं परत येत नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. रंग बदलणारे खडे घ्या, निळे गुलाबी झाले की काढून मंद आचेवर तव्यावर परतायचे, पुन्हा निळे होतात. लेन्स वापरात ठेवणं हाही उपायच आहे.

मेमरी कार्ड पुसायचं ते ज्याचं चित्रीकरण त्यात आहे त्याच्या सहीनंतर. वही दाराजवळ टांगलेली आहे.

आवाजाचं मात्र कशानेच जमत नाही. छप्पर पत्र्याचं, आणि आषाढात पत्र्यावर सर कोसळली की माइक कितीही चांगला असो, वक्त्याच्या जागी पाऊसच ऐकू येतो. म्हणून पावसाळ्यात बोलण्याचा भाग आम्ही घरी करतो. मोबाइल हातात आणि अंगावरून जाड घोंगडं. मास्तरांनी भूगोलाचा अख्खा धडा तसा बसून म्हटलाय आणि व्हिडिओत त्यांचा आवाज एवढा स्वच्छ आहे की दुसऱ्या शाळेचे गुरुजी आम्हाला माइकची कंपनी विचारतात.